रोममधली कार्डिनल कॉन्साल्व्हीवरची वॉकिंग टूर: कोणी घ्यावी, कोणी घेऊ नये

आधी थेट सांगतो, रोमला पहिल्यांदा चाललाय आणि हाताशी दोनच दिवस असतील तर ही टूर घेऊ नका. यात कोलोसियम नाही, ट्रेव्ही फाउंटन नाही, सिस्टिन चॅपेल नाही. अर्धा दिवस एकाच माणसाच्या मागे फिरायचं, आणि तोही असा माणूस की ज्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. पण इतिहासाची थोडी जरी आवड असेल, तह कसे होतात, वाटाघाटीत कोण कुठे अडून बसलं आणि कुठे सोडून दिलं असल्या गोष्टी वाचायला आवडत असतील तर बिनधास्त बुक करा. मी बाबांना घेऊन गेलो होतो आणि अख्ख्या ट्रिपमध्ये आम्ही सगळ्यात जास्त बोललो असू ते याच टूरबद्दल.

तर माणूस म्हणजे कार्डिनल एर्कोले कॉन्साल्व्ही (कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी, नवा पोप तेच निवडतात). जन्म १७५७ रोममध्ये, मृत्यू १८२४, तोही रोममध्येच. पोप पायस सातवे यांचा सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे पोपचा पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री दोन्ही एकाच माणसात, कारण तेव्हा पोप हे नुसते धर्मगुरू नव्हते, मध्य इटलीचा मोठा पट्टा त्यांच्या राज्यात होता. आणि समोर कोण तर नेपोलियन. गंमत बघा, कार्डिनल असूनही हा कधी पाद्री झालाच नाही, डीकनपर्यंतची, म्हणजे पाद्रीच्या एक पायरी खालची दीक्षा घेतली आणि तिथेच थांबला, त्या काळात ते चालायचं. आयुष्यभर काम केलं ते टेबलावरचं, पत्रांचं, करारांचं.

टूर एक छोटी लोकल कंपनी चालवते. आमच्या ग्रुपमध्ये आठनऊ जण होते, गाईड एक इटालियन बाई, इंग्लिश स्वच्छ आणि संथ, त्यामुळे बाबांनाही कळत होतं. प्रत्येकाला हेडसेट मिळतो. माणशी पन्नास युरोच्या आसपास पडलं, त्यात पॅन्थिऑन या घुमटाच्या प्राचीन इमारतीचं तिकीट धरलेलं नाही, ते तेव्हा ५ युरो वेगळे (२०२३ पासून तिथे तिकीट लागतं). बाकी सगळी चर्चेस फुकट आहेत. म्हणजे पैसे जातात ते निव्वळ गाईडच्या सांगण्याचे, आणि मला ते पूर्ण वसूल वाटले, का ते खाली लिहितोय.

सुरुवात क्विरिनाल पॅलेससमोरच्या चौकात होते. आज तिथे इटलीचे राष्ट्राध्यक्ष राहतात, तेव्हा पोप राहायचे. गाईडने आधी १८०९ सालची रात्र सांगितली, ५ जुलैची रात्र सरून ६ उजाडताना जनरल राडेची माणसं याच राजवाड्यात घुसली आणि पोपना गाडीत घालून घेऊन गेली, का तर पोप राज्य सोडायला तयार नव्हते. मग ती मागे गेली, १७९८ ला. तेव्हाही फ्रेंच रोममध्ये घुसले होते, आधीचे पोप पायस सहावे यांना धरून नेलं आणि १७९९ च्या ऑगस्टमध्ये ते फ्रान्समध्ये वालाँस गावात कैदेतच वारले. पुष्कळांना वाटलं आता पोपगिरी संपली, पुढचा पोप होणारच नाही. कार्डिनल लोक जिकडेतिकडे पांगलेले, रोममध्ये जमायची सोय नाही. शेवटी व्हेनिसमध्ये, सान जॉर्जो बेटावरच्या मठात, ऑस्ट्रियाच्या आश्रयाने निवडणूक झाली आणि त्या सभेचा सेक्रेटरी म्हणून कॉन्साल्व्हीला निवडलं. साडेतीन महिने मतं अडकून पडली होती, दोन्ही गट हटत नव्हते, तेव्हा तिसरंच नाव पुढे आणण्यात याचा मोठा हात होता. १४ मार्च १८०० ला पायस सातवे निवडून आले. खरा मुकुट जवळ नव्हता म्हणून कागदाच्या लगद्याचा मुकुट करून राज्याभिषेक केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉन्साल्व्ही कार्डिनल आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट झाला.

इथे बाबा मला हळूच म्हणाले, "अरे, हा तर यांचा नाना फडणवीस." मी म्हटलं बाबा काहीतरीच काय, तर म्हणाले, "तारीख बघ ना, नाना गेले १३ मार्च १८०० ला. इकडे नाना गेले आणि दुसऱ्या दिवशी तिकडे याचं नशीब उघडलं." तारीख खरंच तशी आहे. हातात फौज नाही, नुसती लेखणी आणि डोकं, आणि त्यावर मोडकळीला आलेलं राज्य सांभाळायचं, हे बाबांना लगेच ओळखीचं वाटलं आणि तिथून पुढे टूर संपेपर्यंत त्यांचे गुडघे एकदाही दुखले नाहीत.

आता टूरमधला सगळ्यात भारी भाग. चौकाच्या कठड्याशी सावलीत उभं करून गाईडने प्रत्येकाच्या हातात एकेक कागद दिला. १८०१ चा नेपोलियन आणि पोप यांच्यातला करार, त्याचं पहिलं कलम, इंग्लिश भाषांतर. त्यात लिहिलंय की फ्रान्समध्ये कॅथलिक धर्म मोकळेपणाने पाळता येईल, उपासना जाहीरपणे होईल, पण पोलिसी नियम पाळून, जे नियम सार्वजनिक शांततेसाठी सरकारला गरजेचे वाटतील ते. मग ती म्हणाली, शेवटचे शब्द हाताने झाका आणि परत वाचा. झाकले. उरलं काय तर "पोलिसी नियम पाळून". म्हणजे सरकार वाटेल तो नियम काढेल, उद्या घंटा वाजवू नका म्हणेल, परवा मिरवणूक काढू नका म्हणेल. आणि "सार्वजनिक शांततेसाठी" एवढं जोडलं की सरकारचा हात बांधला गेला. या एवढ्याशा शब्दांसाठी कॉन्साल्व्ही नेपोलियनच्या राजधानीत बसून भांडला होता. सह्या करायला बसले तेव्हा समोर ठेवलेला कागद ठरलेल्या मसुद्यापेक्षा वेगळा निघाला, हा गडी सही करण्याआधी वाचत बसला म्हणून ते लक्षात आलं, आणि त्याने सही करायला साफ नकार दिला. नेपोलियनचा भाऊ जोसेफ याच्या घरी रात्रभर, दुसऱ्या दिवशीही बैठक चालली, झोप नाही काही नाही. १४ जुलैला नेपोलियनच्या मेजवानीत सगळ्या पाहुण्यांसमोर नेपोलियन त्याच्यावर भडकला, तरी हा शांतच राहिला. शेवटी १५ जुलैला करार झाला, हे शब्द टिकवून. हे सगळं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, आता आपली बाजू मांडताना माणूस थोडं रंगवतो हे खरं, आणि गाईडनेही ते प्रामाणिकपणे सांगितलं, पण कराराचा कागद तर समोर आहे ना, शब्द त्यात आहेतच.

पुढच्या वर्षी नेपोलियनने पोपना न विचारता स्वतःची आणखी कलमं बाजूने चिकटवली ती वेगळी गोष्ट. पण फ्रान्समध्ये क्रांतीनंतर बंद पडलेली चर्चेस उघडली ती या करारामुळे. तो करार १९०५ पर्यंत चालला, आणि फ्रान्सच्या पूर्वेकडच्या आल्सास-मोझेल भागात तर त्याच्यातल्या तरतुदी आजही लागू आहेत.

तिथून उतरून चालत सान्त आन्द्रेआ देल्ले फ्रात्ते या चर्चला. लोक आत शिल्पकार बर्निनीचे दोन देवदूत बघायला येतात, ते बघाच, पण गाईडने आम्हाला आधी रस्त्यावर थांबवून दर्शनी भाग बघायला लावला. वरचा भाग कितीतरी वर्षं अर्धवट होता, तो १८२६ मध्ये पूर्ण झाला आणि पैसे आले कॉन्साल्व्हीच्या मृत्युपत्रातून. युरोपभरच्या राजांनी त्याला भेटी दिलेल्या होत्या, त्या विकून रोममधल्या अर्धवट राहिलेल्या चर्चेसची कामं पूर्ण करा असं त्याने लिहून ठेवलं होतं. सगळ्या भेटी अशा भिंतीत जाव्यात असं ठरवणारा मंत्री, मला तरी ही गोष्ट फार आवडली. बाजूलाच प्रोपागांदा फिदेची मोठी इमारत, जगभरच्या मिशनचं काम बघणारं खातं, तिचा शेवटचा संबंध पुढे येतो.

चालता चालता तिने १८१० ची गोष्ट सांगितली. नेपोलियनने जोसेफिनला सोडून ऑस्ट्रियाच्या राजकन्येशी लग्न केलं, पॅरिसमधल्या कार्डिनलांना आमंत्रण, त्यातले तेरा जण धार्मिक लग्नाला गेलेच नाहीत, कारण पहिलं लग्न पोपच्या मान्यतेशिवाय मोडलं होतं. त्यात कॉन्साल्व्ही होता. नेपोलियनने त्यांचे लाल झगे काढून घेतले, काळे घालायला लावले, म्हणून त्यांना काळे कार्डिनल म्हणतात, आणि एकेकाला वेगवेगळ्या गावी पाठवून दिलं. हा गेला रॅंसला. तिथे नजरकैदेत बसून चोरून त्या आठवणी लिहिल्या. अडीचेक वर्षं. सत्तेचा सगळा दिमाख बघितलेला माणूस, त्याला जरा वाकला असता तर सगळं परत मिळालं असतं.

सान मार्चेल्लो चर्च वीया देल कोर्सोवर आहे, म्हणजे शॉपिंगच्या गर्दीच्या रस्त्यावर, आणि पटकन नजरेतून सुटतं. इथे बहुतेक लोक येतात ते लाकडी क्रूसासाठी, कोविडच्या वेळी मार्च २०२० मध्ये पोप फ्रान्सिस चालत इथे प्रार्थनेला आले होते आणि नंतर तोच क्रूस सेंट पीटर्सच्या रिकाम्या चौकात नेला होता, ते फोटो सगळ्यांनी बघितलेत. कॉन्साल्व्हीचं थडगं याच चर्चमध्ये आहे, त्याच्या आधी वारलेल्या आंद्रेआ या धाकट्या भावाबरोबर एकाच ठिकाणी. भावावर फार जीव होता. मोठ्या माणसाची समाधी म्हणून काहीतरी भव्य असेल असं वाटतं पण तसं नाही, दोन भाऊ शेजारी शेजारी. इथे गाईड फार बोलली नाही, पाच मिनिटं आम्हाला मोकळं सोडलं, हे मला बरं वाटलं.

आता पॅन्थिऑन. खरं सांगतो, इथे नुसतं ऑडिओ गाईड घेऊन गेलात तर तुम्ही घुमटातलं भोक बघाल, राफाएलची समाधी बघाल, दोन राजांची थडगी बघाल आणि बाहेर पडाल. कॉन्साल्व्हीचं स्मारक भिंतीत आहे, मी एकटा गेलो असतो तर त्याच्यासमोरून सरळ निघून गेलो असतो. डॅनिश शिल्पकार टोरवाल्सनने केलेला संगमरवरी अर्धपुतळा, खाली कोरलेला पट्टा, आणि त्याचं हृदय इथे पुरलंय, कारण हे त्याला नेमून दिलेलं चर्च होतं (हो, पॅन्थिऑन हे सातव्या शतकापासून चर्च आहे). त्या पट्ट्यात कॉन्साल्व्ही पोपसमोर बायकांच्या रूपातले प्रांत घेऊन येतोय, परत मिळवलेले प्रांत. गाईडने टॉर्च मारून प्रत्येक आकृती दाखवली.

हे प्रांत मिळाले व्हिएन्ना काँग्रेसमध्ये, म्हणजे नेपोलियन हरल्यावर युरोपचा नकाशा परत आखायला भरलेल्या परिषदेत, १८१४-१५. त्याआधी हा लंडनला जाऊन आला, इंग्लंड प्रॉटेस्टंट झाल्यानंतर अडीचशे वर्षांत तिथे असा कार्डिनल आलेला नव्हता, आणि प्रिन्स रीजंट, म्हणजे राजाच्या जागी कारभार बघणारा राजपुत्र, त्याला भेटला. इंग्लंडचा कासलरे, ऑस्ट्रियाचा मेटरनिख, फ्रान्सचा तालेराँ, एकाहून एक मुरलेले लोक, त्यांच्यात हा बसला, फौज शून्य. आणि काय मिळवलं तर जवळपास सगळं: मार्केचा प्रदेश, बोलोन्या, फेरारा, राव्हेन्ना. आविन्यों फ्रान्सकडेच राहिलं, आणि फेरारात ऑस्ट्रियाने आपली शिबंदी ठेवली, तर त्याने लेखी निषेध नोंदवला आणि पुढच्या कामाला लागला. राजदूतांच्या मानपानाचे जे नियम त्या काँग्रेसमध्ये ठरले त्यात पोपच्या दूताचा पहिला मान राखला गेला, आणि आजही कितीतरी कॅथलिक देशांत सगळ्या राजदूतांचा प्रमुख आपोआप पोपचाच दूत असतो. पॅरिसला नेपोलियनने उचलून नेलेल्या मूर्ती आणि चित्रं परत आणायला शिल्पकार कानोव्हाला पाठवलं तेही याच काळात. व्हॅटिकन म्युझियममध्ये लाओकोऑन आणि अपोलो बेल्व्हेदेरे बघाल तेव्हा लक्षात ठेवा, ते काही वर्षं पॅरिसला होते.

आणि त्याच पॅन्थिऑनमध्ये, त्याच छताखाली, राजा व्हित्तोरियो इमानुएले दुसरा याचं थडगं आहे. म्हणजे ज्याने पोपचं ते सगळं राज्य घेतलं, १८६० पर्यंत प्रांत गेले आणि १८७० ला रोमसुद्धा. कॉन्साल्व्हीने मिळवलेलं पन्नास वर्षंही टिकलं नाही. बाबा तिथे बराच वेळ उभे होते, एकदा इकडे बघायचे एकदा तिकडे.

आता तक्रार, कारण आहे एक. गाईड कॉन्साल्व्हीच्या प्रेमात आहे, आणि त्यामुळे पोपचं राज्य परत आल्यावरच्या कारभाराचं ती फक्त गोड गोड सांगते. १८१६ च्या फर्मानाने कारभार नीट बसवला, आरोपींचा छळ करून कबुली घेणं बंद केलं, हे खरं आणि चांगलंच. पण त्याच राज्यात फ्रेंचांनी मोकळ्या केलेल्या रोमच्या ज्यू लोकांना परत घेट्टोमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठीच्या बंदिस्त वस्तीत ढकललं होतं, ते तिने स्वतःहून नाही सांगितलं. मी विचारलं तेव्हा मात्र टाळलं नाही. म्हणाली, कट्टर कार्डिनलांचा गट फार जोरात होता, फ्रेंचांचं नाव लागलेली प्रत्येक गोष्ट त्यांना पुसून टाकायची होती, कॉन्साल्व्ही त्यातल्या त्यात मवाळ, पण सरकार त्याचंच होतं त्यामुळे जबाबदारी त्याचीही. उत्तर चोख होतं, मग मूळ टूरमध्येच का नाही ठेवत? माणूस कमी मोठा होत नाही त्याने. कंपनीला मी हेच लिहून कळवलंय.

दुसरी छोटी तक्रार, हेडसेटची बॅटरी. माझा पॅन्थिऑनमध्ये बंद पडला, गाईडकडे जादाचा होता म्हणून निभावलं.

पॅन्थिऑनहून नदीकडे जाताना कास्तेल सान्तांजेलो लागतो, पहिल्या फ्रेंच स्वारीत याला इथेच कोंडलं होतं. आत नेत नाहीत, पुलावरूनच दाखवतात. मग सेंट पीटर्स, आणि इथे सिक्युरिटीच्या रांगेत बराच वेळ जातो, तो टूरच्या वेळातच धरलाय, त्यामुळे शेवटचा भाग जरा घाईत उरकतो. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत हे आधी सांगितलं जातं पण आमच्यातल्या एकाने ऐकलं नव्हतं, त्याला ओढणी विकत घ्यावी लागली.

आत पायस सातवे यांचं थडगं आहे, तेही टोरवाल्सनचंच. कॉन्साल्व्हीने स्वतःच्या पैशातून करायला सांगितलेलं. टोरवाल्सन प्रॉटेस्टंट होता, आणि सेंट पीटर्समध्ये प्रॉटेस्टंट माणसाने केलेलं दुसरं शिल्प नाही. रोममध्ये कुरकुर झालीच, पण काम झालं. इथे गाईडने शेवट सांगितला. १८२३ च्या जुलैमध्ये म्हातारे पोप आपल्या खोलीत पडले, मांडीचं हाड मोडलं. त्याच महिन्यात सेंट पॉलचं जुनं बॅसिलिका जळून गेलं, ते त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही. २० ऑगस्टला गेले, कॉन्साल्व्ही जवळच होता. नवे पोप झाले लिओ बारावे, आणि ते म्हणजे तेच देल्ला जेंगा ज्यांना १८१४ मध्ये पॅरिसला उशिरा पोचले म्हणून कॉन्साल्व्हीने फार कडक शब्दांत झापलं होतं. साहजिकच कॉन्साल्व्हीचं पद गेलं. पण काही आठवड्यांनी लिओनी त्याला बोलावून घेतलं, कारभारावर सविस्तर बोलले, त्याची समज बघून मत बदललं आणि जानेवारी १८२४ मध्ये प्रोपागांदा फिदेचा प्रमुख केलं, ती बर्निनीच्या देवदूतांशेजारची इमारत. तोवर तब्येत पार ढासळली होती. २४ जानेवारीला तो गेला. थडगं पूर्ण व्हायला १८३१ उजाडलं, त्याने ते बघितलंच नाही.

इंग्लिश चित्रकार लॉरेन्सने काढलेल्या कॉन्साल्व्हीच्या पोर्ट्रेटचं प्रिंट गाईडने इथे दाखवलं. मूळ चित्र विंडसर कॅसलमध्ये आहे, नेपोलियनला हरवणाऱ्यांच्या दालनात, सेनापती आणि राजांच्या रांगेत हा लाल झग्यातला. चेहरा हुशार आहे, जरा थकलेला, डोळे सरळ तुमच्याकडे बघतात.

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार, अर्धा घेट्टोसाठी कापला. वयस्क कुणी बरोबर असेल तर बूट चांगले घाला, दगडी रस्ते आहेत, क्विरिनालहून उतार आहे, आणि पॅन्थिऑन ते सेंट पीटर्स चालत वीस-पंचवीस मिनिटं जातात, तेवढ्यापुरती बस किंवा टॅक्सी करता येते, गाईड थांबते. सकाळचीच बॅच घ्या, दुपारी बरीच चर्चेस बंद असतात आणि मग सान मार्चेल्लो आतून बघायला मिळायची खात्री नाही. पॅन्थिऑनचं तिकीट आधीच ऑनलाईन काढून ठेवा, रविवार टाळा.